पैकीच्या पैकी मार्क आणि उपाशी म्हातारा

परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मला आयुष्यात एकदाच पडले आणि तेव्हा माझं वय एकावन्न होतं. शाळेत गणितानं छळलं होतं, नर्सिंगला गेल्यावर शरीरशास्त्रानं. त्यामुळं त्या दिवशी हॉलमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या तेव्हा मी जरा जास्तच ताठ चालत पुढं गेले, हे कबूल करते. बक्षीस म्हणून एक पेन आणि एक प्रमाणपत्र मिळालं. पेन आठ दिवसांत वॉर्डातून कुणीतरी लांबवलं.

विषय होता स्मृतिभ्रंश. परभणीतल्या ज्या लहानशा दवाखान्यात मी पुरुष वॉर्डाची इन्चार्ज आहे, तिथं आम्हा सगळ्या सिस्टर लोकांना एक दिवस प्रशिक्षणाला बसवलं होतं. सकाळी एक प्रश्नपत्रिका, मग भाषणं, दुपारी पुरी-भाजी आणि जिलेबी, आणि संध्याकाळी पुन्हा तीच प्रश्नपत्रिका. सकाळी मला पंचवीसपैकी अकरा आले. 'स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणात सगळ्यांनाच होतं ते' याच्यापुढं मी बिनधास्त 'बरोबर' लिहिलं होतं. 'असे रुग्ण मुद्दाम त्रास देतात' याच्यापुढंही 'बरोबर'. तिथं तर पेन एवढं दाबलं होतं की मागच्या पानावर उठलं.

का दाबणार नाही? वीस-बावीस वर्षं मी अशा म्हाताऱ्यांबरोबर काढली होती. एक जण माझ्या ड्यूटीत रोज इंजेक्शनच्या ट्रेमध्ये पानाची पिंक टाकायचा. एक जण शेजारच्या पेशंटच्या पांघरुणात शिरून झोपायचा. आम्ही त्यांना 'येडं पेशंट' म्हणायचो आणि रजिस्टरात 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहायचो. फारच हातघाईवर आलं तर बँडेजच्या पट्टीनं हात कॉटच्या दांडीला बांधायचो. ती गाठ माझ्याइतकी कुणाला जमायची नाही. सुटायची नाही आणि रुतायचीही नाही. नव्या पोरींना मी ती कौतुकानं शिकवायचे.

प्रशिक्षण द्यायला आलेली डॉक्टरीण तिशीतली, हळू बोलणारी. तिनं दुपारपर्यंत माझी पार हजेरी घेतली, तीसुद्धा आवाज न चढवता. हा आजार आहे, मेंदूचा आहे, तो माणूस तुमची खोडी काढत नाहीये, तो घाबरलेला आहे. मला एकेक म्हातारा आठवायला लागला. जिलेबी मी दुसऱ्यांदा घेतली नाही, म्हणजे बघा. संध्याकाळच्या पेपरात मग पंचवीसपैकी पंचवीस.

त्यातला चौदावा प्रश्न मी विसरणार नाही, कारण पुढं त्यानंच माझा घात केला. 'रुग्ण जेवण नाकारत असल्यास परिचारिकेने काय करावे?' बरोबर उत्तर असं की जवळ बसावं, न रागावता बोलावं, घरच्या माणसासारखं नातं जोडावं. डॉक्टरीणबाईंनी उदाहरणही दिलं. म्हणावं, बाबा, मला तुमची लेकच समजा. मी वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सोमवारी वॉर्डात गेले ती एकदम साध्वी होऊन. सगळ्यांना जमवून सांगितलं, आजपासून 'येडं' हा शब्द बंद. ओरडणं बंद. बाबा म्हणायचं, लेक म्हणून बोलायचं. पोरी एकमेकींकडं बघून गालात हसल्या. आमच्या वॉर्डातली मावशी, जी झाडू-पोछापासून ताटं वाटण्यापर्यंत सगळं करते आणि जिचा आवाज गेटपर्यंत जातो, ती म्हणाली, "मॅडम, मी जन्मात कुणाला हळू बोलले न्हाई. आता शिकू म्हणता?" मी म्हटलं, शिकायला वय नसतं, मी नाही का शिकले.

मंगळवारी पेडगावचा एक म्हातारा दाखल झाला. सत्तरी ओलांडलेला, धोतर, पांढरे खुंट, छातीत कफ आणि अंगात ताप. पोरगा आणि सून ऊसतोडीला दूर कारखान्यावर गेलेले, म्हाताऱ्याला पुतण्याच्या घरी ठेवून. पुतण्या भला माणूस होता, पण हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी सोडून आला होता. म्हाताऱ्याला कॉटवर बसवून म्हणाला, "तसं समदं चांगलं हाय त्याहींचं, फक्त ध्येनात ऱ्हाईना काही. कुटं हाव, काय करायलाव, ते कळंना." पोराचा फोन नंबर देऊन तो गेला.

त्या दुपारी ताट घेऊन मावशी गेली. माझा हुकूम विसरून ती तिच्या मूळ आवाजात म्हणाली, "ए म्हाताऱ्या, खातूस का उचलू ताट? मागं धा गिऱ्हाईक थांबलंय." म्हातारा घाईघाईनं जेवला. वरण-भात, पोळी, सगळं. वर तांब्याभर पाणी प्यायला. मला मात्र ते बघवलं नाही. मावशीला कोपऱ्यात घेऊन मी चांगलं दहा मिनिटं सुनावलं. माणूस आजारी आहे, त्याला गिऱ्हाईक म्हणतेस? मावशीनं मान हलवली. "बरं मॅडम. तुमी म्हणताव तसं."

बुधवारी सकाळी मी स्वतः चहा-बिस्किट घेऊन गेले. कॉटवर टेकले, त्याचा हात हातात घेतला आणि माझ्या आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणून म्हटलं, "बाबा, मला तुमची लेकच समजा."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. मग त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, वा, काय प्रशिक्षण आहे!

"बाई, तू हायस व्हय?" तो म्हणाला. "लय दिसांनी भेटलीस. सुकलीस गं."

माझ्या आकाराच्या बाईला 'सुकलीस' म्हणणारा माणूस दुर्मिळ. मी खूश झाले. चहा पुढं केला. त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "नको बाई. आत्ताच झाला." कुठं झाला होता, काय झाला होता, काही नाही. बिस्किटही नको. दुपारचं ताट नको. "पोट भरलंय." पाणी? "तान न्हाई."

आणि मी शिकवलंच होतं तसं, मागोमाग सगळ्या जणी जाऊन त्याच्या लेकी झाल्या. दुपारची सिस्टर लेक, दोन ट्रेनिंगच्या पोरी लेकी, आणि कहर म्हणजे मावशी. तिनं शक्य तेवढा आवाज खाली आणून म्हटलं, "बाबा, खावा की. मी तुमची लेकच हाय." कालपर्यंत तिच्या हातचं मुकाट्यानं खाणारा म्हातारा तिलाही हात जोडून म्हणाला, "नको बाई. येताना खाऊन आलाव."

तो रागावला नव्हता, की कंटाळला नव्हता. उलट मजेत होता. कॉटच्या अगदी काठावर बसायचा, पायात चपला तशाच, पांघरूण घडी घालून उशाला. वॉर्डातल्या कॉटांकडं नजर फिरवून मला म्हणायचा, "लय मोठं घर मिळालं बाई तुला. माणसं बी लय हायत." आणि मग हळूच, कानाशी येऊन, "पर समदे झोपूनच असतेत गं. कामाला जाईनात का कुणी?" वॉर्डभर हशा. त्याचं नवं वाक्य आलं की पोरी ते एकमेकींना सांगायच्या आणि मीही हसायचे. 'गाडी किती वाजता हाय?' हे तर दर तासाला. हसताना आमच्यापैकी एकीनंही त्या वाक्यांचा विचार केला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. 'येडं' म्हणणं बंद केलं होतं, पण ऐकून घेणं सुरू केलं नव्हतं.

ताप गुरुवारी उतरला. जेवण मात्र नाहीच. शुक्रवारी दुपारी मी पोराला फोन लावला. पलीकडं उसाच्या पाचटाचा आवाज, कुणाची तरी हाक, आणि मग पोराचा काळजीचा स्वर. "घरी तर दोन भाकरी खातेत मॅडम, माझ्या बायकोच्या हातच्या. कामून खाईनात? मी येऊ का? मुकादमाला इचारून सोमवारपर्यंत निघतो." मी म्हटलं, या, पण घाबरू नका. घाबरले होते मी.

कारण त्याच सकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी त्याची जीभ बघून, कातडी चिमटीत धरून सरळ सांगितलं होतं. सलाईन त्यानं दोनदा उपटलं होतं, शिरा सापडत नव्हत्या. "रविवारी सकाळच्या राऊंडपर्यंत तोंडानं काही गेलं नाही तर नाकातून नळी टाकू, सिस्टर. उपाशी किती दिवस ठेवणार?" त्यांचं काही चुकत नव्हतं. पण नळी टाकली की हा माणूस ती उपटणार, हे मला माहीत होतं. उपटू नये म्हणून हात बांधावे लागणार, हेही माहीत होतं. आणि गाठ मारायला मलाच बोलावणार, कारण ती मलाच चांगली येते.

मी चौदाव्या प्रश्नाचं उत्तर आणखी जोरात अमलात आणलं. दर दोन तासांनी जायची. बाबा, लेकीच्या हातचं खात नाही का? लेकीसाठी एक घास? जितकी मी लेक होत गेले तितका तो हात जोडत गेला. शेवटी माझा स्वभाव उसळलाच. शनिवारी सकाळी मी मावशीवर खेकसले, "तुझ्या हातचं मंगळवारी खाल्लं की त्यानं! आता काय झालं?"

मावशी पोछा टेकवून म्हणाली, "मंगळवारी मी खानावळवाली होते मॅडम. बुधवारी तुमी मला लेक केलं."

मी म्हटलं, मग पुन्हा खानावळवाली हो. ती झाली. ताट आपटून ओरडलीही. पण म्हातारा गोड हसला. "बापाला फसवतीस व्हय गं? खानावळीत का माझी लेक असती?" एकदा जडलेलं नातं काही सुटेना.

त्याच दुपारी तो मला व्हरांड्यातल्या नळावर सापडला. वाकून ओंजळीनं पाणी पीत होता, घटाघटा, जीव वाळलेला माणूस पितो तसा. तान न्हाई म्हणणारा हा माणूस! मी आतून पेला भरून आणला आणि म्हटलं, "बाबा, असं ओंजळीनं कशाला? हा घ्या ना पेला."

त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. चोरी पकडल्यासारखा ओशाळला. आणि म्हणाला, "तुझ्या घरचं नको बाई. पाळणा हलला की पितो. मंग जेवायला बी बसतो."

पेला माझ्या हातातच राहिला.

हे वाक्य मला तोंडपाठ होतं. माझा बाप हेच म्हणायचा. आमच्याकडं जुन्या माणसांत ही रीत होती, काही घरांत अजून आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझं माहेर पालमचं. लग्न होऊन मी परभणीत आल्यावर बाप वर्षातून चार-पाच वेळा एसटीनं यायचा. तुरीची डाळ, भुईमुगाच्या शेंगा, ज्वारीचं पीठ घेऊन यायचा आणि घरात आल्यावर खुर्चीच्या काठावर बसायचा, पायात चपला तशाच. चहा नको. पाणी नको. "पाळणा हलू दे बाई, मंग पंगतीला बसतो." पहिली दोन-तीन वर्षं मी लाजले. मग वाट पाहिली. मग मला त्या वाक्याची चीड यायला लागली. माझा पाळणा हललाच नाही, कधीच नाही. मी दवाखान्यात शेकडो बाळंतपणं पाहिली आणि माझ्या दारात माझा बाप तहानलेला बसायचा.

एकदा मी त्याच्यासमोर चहाचा कप मोरीत ओतला होता. "माझ्या घरात इख हाय का?" असं ओरडले होते. त्याच्याजवळ नेहमी एक फडकं असायचं, त्यात भाकर बांधून तो पालमहून निघायचा, परभणीच्या स्टँडवर बाकावर बसून खायचा आणि मगच माझ्याकडं यायचा. जाताना त्या फडक्यातली अर्धी भाकर माझ्या हातात ठेवायचा. "उरली हाय. घे." त्या दिवशीही ठेवली. ती मी गल्लीतल्या गाईला घातली. तशी नेहमीच घालायचे. बापानं लेकीच्या हातचा घोट घेऊ नये आणि वर स्वतःची उरलेली, वाळलेली भाकर तिला द्यावी, हा मला अपमान वाटायचा. तो गेला तोवर मी त्या घरात त्याला घोटभर पाणी पाजू शकले नाही.

नळाजवळ उभी असताना मला पहिल्यांदा राग आला. या म्हाताऱ्यावर नाही, बापावर. इतक्या वर्षांनी पुन्हा माझ्याच ड्यूटीत येऊन तेच? मग दुसरं काहीतरी लक्षात आलं आणि रागाची जागा धडपडीनं घेतली. स्टँडवर बसून का होईना, बाप जेवायचा तर खरं. स्वतःच्या फडक्यातलं.

रविवारी पहाटे उठून मी ज्वारीची एक भाकर थापली, जाड, जुन्या पद्धतीची. नवऱ्यानं डोळे चोळत विचारलं, कुणासाठी? म्हटलं, पेशंटसाठी. तो पुन्हा झोपला. कमी तिखटाची शेंगदाण्याची चटणी, एक गुळाचा खडा. नवं फडकं नको म्हणून जुन्या सुती धोतराचा तुकडा शोधून काढला, त्यात सगळं बांधून वर दोन गाठी मारल्या. या गाठी मात्र सुटतील अशा मारल्या.

राऊंड साडेनऊला असतो. मी नऊलाच त्याच्या कॉटपाशी गेले. मावशी पोछा घेऊन मागं. मी जवळ बसले नाही, गोड बोलले नाही. गठुडं त्याच्या मांडीवर ठेवून म्हटलं, "बाबा, तुमची भाकर गाडीतच राहिली होती की. कंडक्टरनं आणून दिली."

सरळ सरळ खोटं. पंचवीस प्रश्नांत हे कुठंच नव्हतं.

म्हाताऱ्यानं फडकं चाचपलं, गाठीला हात लावला. "कोण, पेडगावच्या गाडीचा? भला माणूस हाय त्यो." मग इकडंतिकडं बघून विचारलं, "इथं बसून खाल्लं तर चालंल का बाई? स्टँडवर लय गर्दी असती."

मी म्हटलं, "चालंल की. तुमचीच भाकर हाय."

व्हरांड्यातल्या नळावरून त्यानं स्वतःच पेला भरून आणला. फडकं सोडलं. माझं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडं होतं, पहिला घास कधी जातो म्हणून. पण त्यानं घास घेतलाच नाही. आधी भाकर दोन्ही हातांनी धरून मधोमध मोडली. एक अर्धुक फडक्याच्या कोपऱ्यात ठेवून त्यावर फडक्याचं टोक नीट झाकलं. मग उरलेल्या अर्ध्याचा तुकडा पाण्यात बुडवला आणि खायला सुरुवात केली.

चार दिवसांचा उपाशी माणूस. जबडा हलत होता, गळ्याची घाटी वरखाली होत होती, चटणीचा कण बोटाला राहिला तोही त्यानं चाटला. अर्धी भाकर बघता बघता संपली. झाकलेल्या अर्ध्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"ती बी खावा की," मावशी म्हणाली, तिच्या मूळ आवाजात.

"न्हाई. पोट भरलं." मग त्यानं फडक्याचं टोक उघडलं, ती अर्धी भाकर उचलली आणि माझ्या हातात ठेवली. "उरली हाय बाई. घे. माहेरची हाय."

त्याचं पोट भरलं नव्हतं, हे कळायला प्रशिक्षण लागत नाही. आणि ती भाकर उरलेली नव्हती. पहिला घास घ्यायच्या आधी, माझ्या डोळ्यांसमोर, ती बाजूला काढली होती.

म्हणजे स्टँडवरच्या बाकावरही असंच व्हायचं. पालमहून सकाळी निघालेला माझा बाप आधी भाकर मोडायचा, माझी अर्धी झाकून ठेवायचा आणि मग स्वतःच्या अर्ध्यावर दिवस काढायचा. माझ्या घरचं त्याला चालत नव्हतं, पण त्याच्या घरचं मला चालत होतं. तेवढ्या एका वाटेनं तो माझ्याबरोबर जेवायचा. आणि मी गाईला घालायचे.

पीठ माझ्या डब्यातलं होतं, भाकर मीच थापलेली होती. वॉर्डात ड्यूटीवर काही खायचं नाही, हा नियमही माझाच, भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला. मी त्याच्या कॉटच्या काठावर बसले आणि ती भाकर खाल्ली. कोरडीच. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही. म्हातारा समाधानानं बघत होता आणि मधेच म्हणाला, "सावकाश, बाई. गाडीला येळ हाय."

तेवढ्यात डॉक्टर राऊंडला आले. नळीचा ट्रे तयार आहे का, म्हणून विचारलं. पेशंटनं काही खाल्लं का, म्हणून विचारलं. माझ्या तोंडात घास होता. उत्तर मावशीनं दिलं, गेटपर्यंत ऐकू जाईल असं.

"अर्धी भाकर खाल्ली, साहेब. अर्धी लेकीला दिली."